खोली नंबर चौदाचा बॉलर

१२ ऑक्टोबर, रविवार

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. नऊ महिने कोरी पडून होती. डॉक्टर म्हणाले, मनात साठवू नका, लिहून काढा, ब्लडप्रेशर खाली येईल. सीमा म्हणाली, लिहा, निदान तेवढा वेळ बोलणार तरी नाही. बायकोने इतक्या चटकन कशालाही होकार दिल्याचं मला आठवत नाही.

तर लिहितो. मी रमाकांत घाडीगावकर, राहणार तुळशी मेन्शन, खोली नंबर तेरा, लालबाग. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढून निवृत्त झालो. सध्या बालमित्र क्रीडा मंडळाचा सरचिटणीस आहे. मंडळातला सर्वांत लहान बालमित्र त्रेचाळीस वर्षांचा आहे.

मनात साठलेलं एकच आहे. गेल्या जानेवारीतली गिरणगाव अंडरआर्म चषकाची फायनल. शेवटच्या ओव्हरला शारदा निवासला चौदा रन हवे होते आणि आमच्याकडे टाकायला कोणी नव्हतं. गौतमने, म्हणजे आमच्या कॅप्टनने, स्वतः बॉल घेतला. चार बॉलांत सामना संपला. अंडरआर्मला लोक हसतात. हात खाली ठेवून टाकायचा म्हणजे कोणालाही जमेल असं त्यांना वाटतं. जमत नाही. आमच्याकडे मारणारे पोत्याने आहेत, टाकणारा एकही नाही. नऊ महिने मला नीट झोप नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सुशांतचा फोन आला. चिरंजीव अकरा वर्षं न्यू जर्सीला आहेत. पूर्वी आम्ही प्रकृती आणि हवापाणी यावर बोलायचो, आता तो बेसबॉलवर बोलतो आणि मी हुंकार देतो. आज मी माझं दुखणं सांगितलं तर एकदम खुलला. म्हणाला, त्याच्या टीमचंही हेच आहे, मारणारे भरपूर, टाकणारे नाहीत. तिथे बॉलरला पिचर म्हणतात. सीझन संपला की ज्यांचे करार संपले ते खेळाडू मोकळे होतात, त्यांना म्हणायचं फ्री एजंट. मग सगळा हिवाळा लोक कुणाला घ्यावं यावर भांडतात. मैदानावर कुत्रं फिरत नाही, पण वाद जोरात.

मला हे फार पटलं. खेळ न खेळता चार महिने खेळावर भांडायचं, ही पद्धत आमच्या मंडळात पहिल्यापासून आहे. तिला ऑफ-सीझन म्हणतात हे माहीत नव्हतं इतकंच.

शेवटी सुशांत म्हणाला, "बाबा, चांगला पिचर मिळाला ना, तर एका सीझनपुरता घेऊ नका. लाँग टर्म बांधून ठेवा. पत्ता बदलता कामा नये त्याचा."

हे वाक्य लाल शाईने वेगळं लिहून ठेवलं आहे. पोरगा सातासमुद्रापार आहे, पण लक्ष घरात आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर असूनही बैठक घेतली. बैठक नेहमीप्रमाणे खोली नंबर चौदात. ही माझ्या लवूकाकांची खोली, आमच्या तेराला लागून. काका गिरणीत होते, लग्न केलं नाही, दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तिथे मंडळाचे स्टंप, चटया आणि गणपतीतले पडदे असतात.

मी बेसबॉलची माहिती दिली. अर्ध्या तासात गौतम 'आपलं पिचिंग' म्हणू लागला. विनीतने, जो मंडळाचे आकडे ठेवतो, तीन फ्री एजंट मांडले. पहिला करी रोडच्या टॉवरमधला. बॉल छान वळवतो, पण सरावाला येण्यापूर्वी गाडी कुठे लावायची ते विचारतो. दुसरा वरळीच्या बीडीडी चाळीतला डावखुरा. त्याने तीन मंडळांना शब्द दिला आहे आणि ज्याची बाइक आधी येईल त्याच्याकडून तो खेळतो. तिसरा भायखळ्याच्या भाजीबाजारातला. त्याचा बॉल इतका वळतो की आपल्या कीपरलाही सापडत नाही. वय बावन्न आणि गुडघा एकच चालतो.

तीन तास भांडलो. मग विनीतला आठवलं की तिघेही चालत नाहीत. चषकाच्या नियमाप्रमाणे बाहेरचे दोनच खेळाडू घेता येतात आणि आमचे दोन भरलेले आहेत. बाकी सगळे त्याच इमारतीचे रहिवासी हवेत. आमच्या घरच्या सात खेळाडूंपैकी चार जण डोंबिवली-बदलापूरला राहतात, पण त्यांची रेशनकार्डं इथली असल्यामुळे ते घरचे. ठराव झाला, की बॉलर हवा, पण घरचा हवा. असा बॉलर तुळशी मेन्शनमध्ये जन्माला आलेला नाही, यावर मात्र कुणी बोललं नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

अक्षदाने पाटावर मोबाइल उभा करून सुशांतला ओवाळलं. निरांजनाने पडद्याला काजळी धरली. माझी ही धाकटी, एकतीस वर्षांची, परळला लॅबमध्ये नोकरी करते. स्थळं आणली की काहीतरी खोट काढते.

सुशांत पडद्यावरून गेल्यावर मी बिल्डरचा विषय काढला. तुळशी मेन्शन पाडून टॉवर बांधायचा आहे, त्यासाठी जानेवारीत बिल्डरची माणसं सर्वेला येणार. ज्या खोलीत माणूस राहतोय आणि कागद आहेत, त्या खोलीमागे टॉवरमध्ये एक फ्लॅट. तेरा तर माझ्या नावावर आहे. चौदात सुशांत राहतो असं दाखवायचं ठरवलं आहे. त्याचं नाव जुन्या रेशनकार्डावर आहेच. अक्षदा निरांजन उचलून आत गेली.

डॉक्टरांनी मनात ठेवू नका म्हटलंय म्हणून हेही लिहितो. काकांचं शेवटची सहा वर्षं अक्षदाने केलं. डबा, इंजेक्शनं, अंघोळसुद्धा. काकांनी एक कागद केला होता, चौदा नंबर अक्षदाला द्यावी म्हणून. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. काका गेल्यावर तिने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी म्हणालो, मुली बाहेरच्या घरी जातात, खोली घेऊन काय करणार. तो कागद कुठे असेल तो असो. मी शोधला नाही.

संध्याकाळी अक्षदा आपणहून बाहेर आली. गवार मोडता मोडता म्हणाली, वरळी कोळीवाड्यात निमेश वरळीकर म्हणून एक बॉलर आहे. तिच्या लॅबमध्ये सँपल गोळा करायचं काम करतो. अंडरआर्म असा टाकतो की बॅट्समनला खाली बघायला वेळ मिळत नाही. मी म्हणालो, पण तो बाहेरचा. ती म्हणाली, त्याचं बघता येईल.

पोरीला क्रिकेटची इतकी जाण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार

निमेशची चाचणी घेतली, मागच्या गल्लीत. सहा बॉल टाकले. गौतम चार वेळा बोल्ड. पाचवा बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला आणि सहाव्याला त्याने बॅट खाली ठेवली. मुलगा सहा फूट, सावळा, बोलणं नम्र. मला वाकून नमस्कार केला. गौतमला केला नाही, मलाच केला. माणसाची पारख आहे.

विनीत हळूच म्हणाला की कोळीवाड्यातला आहे, आपल्या लोकांत काहींना चालेल-न चालेल. मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, की आम्ही जातपात मानत नाही, स्टंप मानतो. टाळ्या पडल्या. अक्षदा गॅलरीतून बघत होती, तिनेही वाजवल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

मार्ग निघाला. नियमावलीत रहिवासी म्हणजे कोण, तर ज्याच्याकडे इमारतीच्या मंडळाचा दाखला आणि पत्त्याचा एक पुरावा आहे तो. दाखला देणारा कोण, तर सरचिटणीस. सरचिटणीस कोण, तर मी.

लेटरहेड काढलं, नवा शिक्का मारला. 'श्री. निमेश वरळीकर हे तुळशी मेन्शन, खोली क्र. १४ येथे कायमस्वरूपी वास्तव्यास आहेत.' 'कायमस्वरूपी' हा शब्द सुशांतच्या सल्ल्याप्रमाणे घातला. गौतमला काळजी वाटली. म्हणाला, रमाकांतभाऊ, चौदामध्ये तर सुशांतला दाखवायचंय ना? मी त्याला समजावलं. क्रीडा फाइल वेगळी, बिल्डर फाइल वेगळी. छत्तीस वर्षांत एका खात्याची फाइल दुसऱ्या खात्याच्या फाइलीला भेटल्याचं मी पाहिलेलं नाही.

निमेशने मानधन मागितलं नाही, बूटही मागितले नाहीत. फक्त दाखल्याच्या तीन मूळ प्रती मागितल्या. अशी निष्ठा आजकाल कुठे असते?

१६ नोव्हेंबर, रविवार

सुशांतला फोनवर सांगितलं, पिचर मिळाला. नाव सांगितलं तर खूप वेळ हसत होता. म्हणाला, "बाबा, बेस्ट सायनिंग. सोडू नका त्याला."

त्याने तिकडच्या वर्तमानपत्रात निमेशबद्दल वाचलं असणं शक्य नाही. पण आवाजात ओळखीचा भाव होता.

३० नोव्हेंबर, रविवार

पत्त्याचा पुरावा म्हणून चौदाचं लाइटबिल लागेल, ते अजून लवूकाकांच्या नावावर होतं. अक्षदा म्हणाली, मी ऑनलाइन सगळं करते, तुम्ही फक्त सह्या करा. तीन-चार कागद पुढे केले.

"बाबा, वाचून सही करा," ती म्हणाली.

तेवढ्यात विनीतचा फोन आला, शारदा निवासने भायखळ्याचा गुडघेवाला घेतल्याची बातमी होती. मी बोलता बोलता सह्या केल्या. सीमा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, वाचा तरी काय लिवला हा ता." ती चिडली की मालवणीवर येते. मी म्हणालो, मुलीवर विश्वास नाही का आपला? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

७ डिसेंबर, रविवार

निमेशच्या आई शेवंताबाई आल्या. वरळीच्या बाजारात मासळी विकतात. हातात ही मोठी पापलेटं. सीमाने त्यांना साखर घालून दूध दिलं आणि दोघी दीड तास आत बसल्या. जाताना शेवंताबाईंनी अक्षदाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला म्हणाल्या, "माझा पोऱ्या तुमच्या पदरात टाकलाय, दादा. सांभाळून घ्या."

एका बॉलरच्या आईने मंडळावर एवढा भरवसा टाकावा, मला भरून आलं. मी सांगितलं की पाच वर्षं तरी आम्ही त्याला हलू देणार नाही. त्या म्हणाल्या, पाचच का?

पापलेटं उत्तम होती.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सीमा सकाळीच पैठणी नेसून हळदीकुंकवाला गेली. सकाळचं हळदीकुंकू मी पहिल्यांदाच ऐकलं. अक्षदाच्या ऑफिसात काहीतरी कार्यक्रम, म्हणून तीही हिरवी साडी नेसून गेली. सराव होता, पण निमेश नाही. फोन बंद. मी गौतमला म्हणालो, असं बेशिस्त चालणार नाही, दंड बसवू.

संध्याकाळी घरात पेढे. निमेशने पाठवले, चांगली बातमी आहे म्हणून, असं सीमा म्हणाली. बहुतेक कुठेतरी पाच विकेट काढल्या असाव्यात. दोन खाल्ले. दंड रद्द केला.

२१ डिसेंबर, रविवार

संकट. निमेशचा बॉल पडत नाही. सहापैकी चार फुलटॉस. विनीतने जवळ जाऊन निरखून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. उजव्या हाताच्या बोटात नवी सोन्याची अंगठी आहे. बॉल सोडताना अडकते.

तातडीची बैठक घेतली. एक तास अंगठीवर चर्चा झाली. गौतमचं म्हणणं ग्रिप बदलावी. विनीतचं म्हणणं अंगठी डाव्या हातात घालावी. मी निमेशला बाजूला घेऊन विचारलं, लग्नाबिग्नाची आहे की काय, तसं असेल तर आम्ही समजून घेऊ. तो लाजला, म्हणाला, "तसंच समजा, काका." मी पाठीवर थाप मारली. थट्टा करणारी मुलं मला आवडतात.

फायनलला अंगठी काढायची, असा ठराव मंजूर झाला. निमेश तटस्थ राहिला.

४ जानेवारी, रविवार

एजंटाने यंदा डायरी दिली नाही. जुन्याच डायरीची जानेवारीची पानं कोरी होती, ती वापरतो आहे. वार चुकीचे छापलेत, खोडून लिहितो.

सर्वे अठराला आहे. चौदा राहती वाटायला हवी, म्हणून अक्षदाला सांगितलं होतं, जरा साफसफाई कर. पोरीने कमाल केली. मंडळाचं सामान गॅलरीत काढलं, रंग लावला, पडदे, शेगडी, छोटा फ्रिज. मी म्हणालो, सुशांतच्या नावाने एवढं कशाला. ती म्हणाली, नांदतं घर दिसायला हवं ना?

११ जानेवारी, रविवार

चौदाच्या दोरीवर मॅक्सी वाळत होती. मी अक्षदाला सांगितलं की ती काढ, सुशांत एकटा राहतो असं दाखवायचं आहे. ती म्हणाली, "असू दे बाबा. उगाच खोटं नको."

या घरात खरं-खोटं मला कोणी शिकवू नये. छत्तीस वर्षं माझ्या टेबलावरून शिक्क्याशिवाय एक कागद गेलेला नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

अकराला सर्वेची माणसं आली, एक मुलगा आणि एक मुलगी. मी चौदाच्या दारात सुशांतचा फोटो आणि रेशनकार्ड घेऊन उभा होतो. मुलगी टॅबमध्ये बघून म्हणाली, काका, चौदाचे कागद अपलोड झालेत की. मग तिने एकेक दाखवला. लाइटबिल, नाव अक्षदा निमेश वरळीकर. लवूकाकांचा कागद, खाली साक्षीदार रमाकांत घाडीगावकर. निमेशचा रहिवासाचा दाखला, खाली सरचिटणीस रमाकांत घाडीगावकर, शिक्क्यासकट. आणि लग्नाचं प्रमाणपत्र, दिनांक १८ डिसेंबर.

तिने विचारलं, या सह्या तुमच्याच ना? आयुष्यात मी कधी सही नाकारलेली नाही. हो म्हणालो.

दाराआडून अक्षदा पुढे आली. मंगळसूत्र बाहेर काढलेलं. मागे निमेश, त्याच्यामागे सीमा. सीमाच्या तोंडावर मला मेल्याहून मेल्यासारखं करणारी शांती होती. माझ्या मनात पहिला विचार खोलीचा आला, दुसरा जातीचा आणि तिसरा मुलीचा. क्रम आहे तसा लिहून ठेवतो.

मी विचारलं, हे सगळं माझ्या पाठीमागे?

"तुमच्या समोर, बाबा. प्रत्येक वेळी म्हटलं, वाचून सही करा," अक्षदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "काकांनी दिलेली खोली मी दोनदा मागितली. तुम्ही म्हणालात, मुली बाहेरच्या घरी जातात. म्हणून मी बाहेरच्याला घरी आणला."

सर्वेवाली म्हणाली, हरकत असेल तर सत्तावीस तारखेपर्यंत लेखी द्या. मी म्हणालो, देणार.

१९ जानेवारी, सोमवार

हरकतीचा अर्ज लिहिला. तीन परिच्छेद, भाषा कडक. दाखला चुकीने दिला गेला असं लिहिलं आहे. मी जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सुशांतला फोन करून सांगितलं, तुझी खोली गेली. तो म्हणाला, "माझी कधी होती? मला नकोच होती, बाबा. तुम्ही विचारलंत कधी?" लग्न त्याने व्हिडिओवर बघितलं होतं. म्हणजे न्यू जर्सीला कळलं आणि तेरा नंबरात बसलेल्या मला कळलं नाही.

दुपारी गौतम आला. शारदा निवासने तक्रार केली आहे, निमेश तुळशी मेन्शनचा रहिवासी नाही म्हणून. परवा सुनावणी. मी जाऊन दाखला खरा आहे असं सांगितलं नाही तर निमेश बाद, म्हणजे आपण बाद.

अर्ज खिशात आहे. त्यात दाखला चुकीचा आहे असं लिहिलंय. सुनावणीत तो बरोबर आहे असं सांगायचंय. दोन्ही फाइली एकाच खिशात भेटल्या. आजवर अशी वेळ कुठल्याच शिपायावर आली नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सुनावणी परळच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये. वीस-पंचवीस माणसं, शारदा निवासचे सगळे पहिल्या रांगेत. निमेश कोपऱ्यात उभा, नजर जमिनीला. मी जाताना काहीच ठरवलं नव्हतं, हे खरं लिहितो.

अध्यक्षांनी विचारलं, हा चौदामध्ये राहतो का? मी म्हणालो, राहतो. तेवढं तर खरंच होतं. मॅक्सी मी स्वतः पाहिली होती. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या नात्याने?"

भाडेकरू म्हणालो असतो तर करार मागितला असता. पाहुणा म्हणालो असतो तर बाहेरचा ठरला असता. मी निमेशकडे पाहिलं. त्याने वर बघितलं नाही, पण बोटातली अंगठी फिरवत होता. नोव्हेंबरात मी खोटा दाखला लिहिला होता, आणि पोरांनी तो माझ्या नकळत खरा करून ठेवला होता. आता खोटं पाडायचं तर मलाच पाडायला लागणार होतं.

"जावई आहे माझा," मी म्हणालो. "चौदा नंबर माझ्या मुलीची खोली आहे. तो तिच्या घरी राहतो."

चिटणीसाने ते इतिवृत्तात लिहून घेतलं. एकदा इतिवृत्तात गेलं की गेलं. मग शारदा निवासवाल्यांनी मुद्दा काढला, घरजावई घरचा धरायचा की बाहेरचा? यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी अध्यक्ष, जे स्वतः सासुरवाडीत राहतात, म्हणाले की घरचा.

बाहेर आल्यावर निमेश पाया पडायला वाकला. मी म्हणालो, कंबर सांभाळ, सोमवारी सामना आहे.

२६ जानेवारी, सोमवार

फायनल. पुन्हा शारदा निवास, पुन्हा शेवटची ओव्हर. त्यांना नऊ हवे होते. निमेशने पाच बॉलांत चारच रन दिले. शेवटच्या बॉलला पाच हवे. गौतमने लांबून मला खूण केली, बोटाकडे दाखवून. ठरावाची आठवण. निमेशनेही माझ्याकडे पाहिलं, सांगाल तर काढतो, अशा नजरेने.

गॅलरीत अक्षदा उभी होती. मी मान फिरवली आणि चिवडा खाऊ लागलो.

बॉल अडकला. फुलटॉस. सिक्स. हरलो.

स्कोअर लिहायला कागद नव्हता. खिशात हरकतीचा अर्ज होता, त्याची मागची बाजू कोरी होती. त्यावर लिहिला. विनीतने तो आकड्यांच्या फाइलीत लावला.

२८ जानेवारी, बुधवार

हरकतीची मुदत काल संपली.

मंडळाचे स्टंप आणि चटया आता तेरामध्ये आहेत, माझ्या खाटेखाली. सीमा म्हणते, याच्यामुळे झोप लागत नाही. मला गेले दोन दिवस लागते आहे. गौतमने रविवारी बैठक बोलावली आहे. त्याचं म्हणणं, पिचिंगचा प्रश्न सुटला, आता कीपर शोधायला हवा.

संध्याकाळी अक्षदाने हाक मारली. चौदाच्या दारावर पाटी लावायची होती, निमेश ड्यूटीवर होता. मी हातोडी घेतली. खिळा थोडा वाकडा गेला, ती म्हणाली राहू दे. पाटीवर तिचं नाव वर आहे, त्याचं खाली, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात लवूकाकांचं.

"बाबा, वाचलंत का काय लिहिलंय?" तिने विचारलं.

वाचलं, असं मी म्हणालो. या वेळी खरंच वाचलं होतं.